बोर्डावरचा पाऊण तास

माझ्या मावशीने प्रवाशांनी खच्चून भरलेली बस सिस्टरांच्या शाळेच्या फाटकात आडवी घातली, खाली उडी मारली, मोठ्या सिस्टरांना ऑफिसातून हाताला धरून बाहेर आणलं आणि विचारलं, "माझ्या मुलीला आत घेता, की बस आत आणू?"

आमच्या इमारतीत हे सगळ्यांना माहीत आहे. तळमजल्यावरचे लाँड्रीवाले सांगतात तेव्हा बस दुमजली असते. तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई आधी घसा साफ करतात, मग म्हणतात, "मी कोणाबद्दल काही बोलत नाही, पण चाकावर बाई होती एवढं खरं." आणि सगळ्यात रंगवून सांगतो तो मावशीचा कंडक्टर, जो त्या दिवशी खरोखरच बसमध्ये होता. तो मान वाकडी करून, खिशातली चिल्लर वाजवत सांगतो, "मी म्हटलं मॅडम, नका. हात जोडले. मॅडम म्हणाल्या, तू घंटी मार, बाकी मी बघते."

या तिघांच्या नकला मी करते, आणि चांगल्या करते. पण मी तिथे होते. बसमध्ये त्या वेळी एकही प्रवासी नव्हता. फाटकात बस घातली नव्हती, फाटकासमोर ती बंद पडली होती. आणि मावशी खाली उतरलीच नव्हती. तेच तर सगळं दुखणं होतं. ती काही केल्या खाली उतरायला तयार नव्हती.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आमच्या खालच्या मजल्यावर राहते. शहर बससेवेत ड्रायव्हर आहे. घरातही ती बसच चालवते. जेवायला बसलेल्यांना म्हणते, "पुढे सरका, मागे जागा आहे." कोणी दारात चप्पल काढत रेंगाळलं की, "दारात उभं राहू नका, आत या नाहीतर उतरा." भांडणात हरायला लागली की म्हणते, "हा विषय आपल्या रूटवर नाही." काका, म्हणजे तिचा नवरा, बांधकामांवर वायरिंगची कामं करतो आणि महिन्यातले बरेच दिवस दुसऱ्या गावी असतो. फोनवर त्याला काहीही विचारा, तो म्हणतो, "तू म्हणशील तसं." मावशी म्हणते, या माणसाला फोन करण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं, निदान रेंज जात नाही.

त्यांना एक मुलगी आहे. वय आठ. ती चालायला लागल्यापासून आईच्या बसमध्ये बसते, म्हणून डेपोतल्या लोकांनी तिचं नाव अर्धं तिकीट ठेवलं. त्याचं झालं अर्धी. आता तिला खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघत नाही.

अर्धीची शाळा आधी आमच्याच रस्त्याच्या टोकाला होती. मग तिथल्या इमारतीला तडे गेलेत असं कोणाच्या तरी लक्षात आलं. शाळा बंद झाली आणि सगळी मुलं शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातली गेली. आमच्या भागात उरली एकच शाळा, दोन गल्ल्या सोडून, ती कॅथलिक सिस्टरांची. खासगी, फीवाली, शिस्तवाली, फाटकावर पांढरा क्रॉस आणि आत इतकी शांतता, की बाहेरून जाणारेसुद्धा आवाज खाली घेतात. शेजारच्या बऱ्याच मुलांनी तिकडे नावं घातली. आई मावशीला म्हणाली, "तूही घाल." मावशी म्हणाली, "कशाला? एकोणतीस नंबर थेट तिच्या नव्या शाळेच्या दारात जातो, आणि एकोणतीस नंबर मी चालवते."

आणि ते खरंच छान जमलं होतं. सकाळी मायलेकी डेपोत जायच्या. रिकामी बस डेपोतून निघायच्या आधीच अर्धी ड्रायव्हरमागच्या सीटवर बसलेली असायची. त्या सीटसमोर पाटी आहे, 'चालकाशी बोलू नये'. त्यामुळे बोलणं नाही. अर्धी डबा उघडून खायची, खिडकीला नाक लावायची, मध्येच पुढच्या आरशात बघून जीभ काढायची. मावशी आरशातूनच डोळे वटारायची. पाऊण तासात शाळा. उतरताना अर्धी पाटीकडे बोट दाखवून ओठांनीच 'बाय' म्हणायची, कारण गाडी थांबलेली असली तरी इंजिन चालू असतं आणि नियम तो नियम. माझं हायस्कूल त्याच वाटेवर, दोन स्टॉप पुढे. मी मागे उभी राहून हे रोज बघायचे.

मग या वर्षी डेपोने ड्युट्या बदलल्या. मावशीला दिला सात नंबर, जो आमच्याच भागात गोल गोल फिरतो. अर्धी आता एकोणतीसला जायची ती माझ्याबरोबर, डेपोतून नाही, आमच्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवरून.

इथून माझा वैताग सुरू होतो.

कारण आमच्या स्टॉपपर्यंत येईतो बस भरलेली असते. पहिली थांबत नाही. दुसरी थांबते, पण स्टॉपच्या पुढे, म्हणजे पळावं लागतं. पळून पोचलात तर पायरीवर जागा. मग तो लोंबकळत जाणारा रस्ता, पुलाखालची कोंडी, बाजारापाशी आडवे घातलेले टेम्पो. शाळेत पोचेतो प्रार्थना झालेली, हजेरी झालेली, आणि अर्धीच्या वर्गाच्या बाई दारात. अर्धी पहिल्या तासाला झोपायची. संध्याकाळी परत तेच, उलट्या बाजूने. घरी आल्यावर ती गृहपाठाच्या वहीवर डोकं टेकवायची ती जेवायलाच उठायची, आणि कधी कधी जेवायलाही नाही.

आई म्हणाली, "पोरगी सुकली बघ."

मावशी म्हणाली, "वाढीला लागलीय. पाऊण तासाचा तर रस्ता आहे."

"पाऊण तास कसला? या दोघी निघतात कधी, पोचतात कधी, बघतेस का?"

"ताई, मी चालवलाय तो रूट. रनिंग टाइम पाऊण तास. डेपोत बोर्डावर लिहिलंय."

आता बोर्डावर लिहिलेलं म्हणजे मावशीसाठी दगडावरचं. बस पहिल्या स्टॉपवरून सुटते आणि शेवटच्या स्टॉपला लागते, त्यातलं अंतर म्हणजे प्रवास. स्टॉपवर उभं राहणं हा प्रवासाचा भाग आहे हे कुठल्याच ड्रायव्हरला माहीत नसतं, कारण ड्रायव्हर जातो तिथे बस आधीच आलेली असते.

मी तिला सांगितलं नाही असं नाही. मी रोज सांगायचे. जेवताना उभी राहून करून दाखवायचे. बस न थांबवणारा ड्रायव्हर, मान सरळ ठेवून फक्त डोळे फिरवणारा. "आत सरका, आत सरका" म्हणणारा, पण स्वतः तसूभर न हलणारा माणूस. आपली पिशवी सीटवर बसवून स्वतः उभ्या राहणाऱ्या बाई. आई हसून हसून डोळे पुसायची. मावशीला ठसका लागायचा. "परत कर, ती पिशवीवाली परत कर." मी परत करायचे. आणि मग मावशी पाणी पिऊन म्हणायची, "तुझं काय ग, तू मुंगीचा हत्ती करतेस." झालं. मी एवढी मेहनत करून हत्तीची मुंगी करून दाखवत होते, आणि हिला उलटं दिसत होतं.

शेवटी आईने परस्पर सिस्टरांकडे चौकशी केली. त्यांच्याकडे तिसरीत एक जागा होती. पालकांनी मुलीला घेऊन शनिवारी भेटायला यावं म्हणाल्या. मावशीला त्या शनिवारी नेमकी जादा ड्युटी लागली. पुढच्या शनिवारीही लागली. तिसऱ्या शनिवारीही लागणार असं कळल्यावर आईने आदल्या दिवशी डेपोतच फोन केला, तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं की जादा ड्युटी लागत नसते, मागून घ्यावी लागते.

घरात त्या दिवशी बरंच झालं.

"मग स्पष्ट सांग ना, नको म्हणून," आई म्हणाली.

"नको."

"का?"

"तिथे रोज प्रार्थना असते."

"तुझ्या मुलीला दोन मिनिटं हात जोडून उभं राहायला काय होतं? देवाला आपला तसाही काही त्रास नाही."

"दोन घट्ट वेण्या घालाव्या लागतात. सकाळी साडेपाचला मी ड्युटीवर, वेण्या कोण घालणार?"

"मी घालीन."

"फी आहे."

"फीचं तुझा नवरा बघतो म्हणालाय."

"तो काहीही म्हणतो. आणि समज, उद्या मला एकोणतीस परत मिळाला तर? अर्ज टाकलाय मी. मग फुकट नाव घातलं असं होईल."

  अर्धी पाटीवर चित्र काढत होती, तिने मान वर केली नाही. तेव्हा सगळ्यांना कळलं की प्रार्थना, वेण्या आणि फी बाजूला ठेवली तर खाली काय आहे. ती ड्रायव्हरमागची सीट. मावशी पहाटे निघते आणि संध्याकाळी येते ती मोडलेली. दिवसात मुलीबरोबरचा तिचा जो काही वेळ होता, तो त्या पाऊण तासात होता, आणि त्यातही बोलायची बंदी. सिस्टरांकडे नाव घातलं की तो कायमचा गेला.

पण हे बोलून कोण दाखवणार? आई म्हणाली, "ठीक आहे, तू ड्युटी कर. अर्धीला ही घेऊन जाईल." ही म्हणजे मी.

तर त्या तिसऱ्या शनिवारी मी आणि अर्धी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत बसलो होतो. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर येशू आणि खिडकीत तुळतुळीत पुसलेली पितळी घंटा. मोठ्या सिस्टर बोलतात त्या इतक्या हळू, जणू बाजूला कोणीतरी तान्हं झोपलंय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नाही का' म्हणतात आणि तुमच्या उत्तराची वाट बघत नाहीत.

"आई आल्या नाहीत, नाही का."

मी म्हटलं, "ड्युटी लागली, सिस्टर."

"ड्युटी महत्त्वाची असते, नाही का."

तेवढ्यात बाहेर मोठा फुस्स आवाज झाला, जसा एखादा हत्ती सुस्कारा टाकेल तसा. सिस्टर खिडकीशी गेल्या. फाटकासमोर, बरोबर मधोमध, लाल बस उभी होती. शाळेच्या व्हॅन आत येऊ शकत नव्हत्या, आतल्या बाहेर जाऊ शकत नव्हत्या, आणि चार व्हॅनवाले एकाच वेळी हॉर्न वाजवत होते. त्या रस्त्यावर हॉर्नला बंदी आहे.

"ही कोणाची बस आहे?" सिस्टरांनी विचारलं. पहिल्यांदाच 'नाही का' राहून गेलं.

अर्धी खुर्चीवरून उतरली, टाचा उंचावून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या आईची."

झालं होतं असं. मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीतली हवा गेली की ब्रेक आपोआप आवळले जातात आणि गाडी जागची हलत नाही. सात नंबरची हवा गेली, ती नेमकी सिस्टरांच्या फाटकासमोर. कंडक्टरने प्रवासी मागच्या बसमध्ये चढवून दिले आणि डेपोला फोन लावून तो टपरीवर चहाला गेला. तिथून पुढचं त्याने काहीच पाहिलेलं नाही, म्हणूनच तो इतकं छान सांगतो.

मावशी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. खिडकीखाली व्हॅनवाले ओरडत होते. सिस्टर फाटकाबाहेर गेल्या, तसे ते एकेक करून गप्प झाले.

"बाई, खाली येता का?"

"नाही येता येत, सिस्टर. दुरुस्तीची गाडी येईपर्यंत ड्रायव्हरने बस सोडायची नाही, नियम आहे."

"आमची आज तुमच्याशी भेट ठरलीय, नाही का."

"माहितेय. म्हणूनच म्हटलं, ड्युटी आहे."

"मला फाटक सोडता येत नाही आणि तुम्हाला बस," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी झगा दोन बोटांनी उचलला, पायऱ्या चढल्या आणि ड्रायव्हरमागच्या सीटवर बसल्या. त्यांच्या मागून अर्धी चढली, अर्धीच्या मागून मी.

मावशीला आरशात त्या दिसत असणार, कारण तिने मान वळवली नाही.

सिस्टर समोरची पाटी वाचत म्हणाल्या, "चालकाशी बोलू नये."

मावशी म्हणाली, "गाडी चालू असताना. आता बोललं तर चालतं."

"मग सांगा. मुलीला आमच्याकडे का घालायचंय?"

"मला नाही घालायचं."

"असं का?"

"तुमच्याकडे सगळं गप्प गप्प असतं. माझी मुलगी बोलकी आहे."

सिस्टरांनी अर्धीकडे बघितलं. अर्धी खांबाला टेकून डोळे मिटून उभी होती.

"बोलकी दिसतेच आहे, नाही का."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं. मावशीने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की खोकलाही थांबला.

"आत्ताची शाळा किती लांब आहे?"

"पाऊण तास."

अर्धीने डोळे न उघडता म्हटलं, "तो तुझा पाऊण तास, आई. माझा जास्त असतो."

"रनिंग टाइम पाऊण तास आहे. बोर्डावर..."

"बोर्ड शाळेत जात नाही ना," अर्धी म्हणाली. ती हे उद्धटपणे नाही म्हणाली. झोपेत बोलावं तसं म्हणाली.

सिस्टरांनी अर्धीला विचारलं, "तुला काय वाटतं बाळ? कुठली शाळा आवडेल?"

"कुठलीपण. फक्त बसायला जागा पाहिजे."

 बाहेर एका व्हॅनवाल्याने चाचपून एक छोटासा हॉर्न मारून बघितला.

"प्रवासी म्हणून शेवटचं कधी बसलात?" सिस्टरांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "मला कशाला बसायला लागतं? मला आरशात सगळी गाडी दिसते."

"एकदा बसून बघा. ही जागा मी पुढच्या शनिवारपर्यंत ठेवते. त्यानंतर नाही म्हणालात तर मी वाईट वाटून घेणार नाही, नाही का." त्या उठल्या, उतरताना पायरीवर थांबल्या. "आणि तुमची गाडी लवकर दुरुस्त होवो. मी प्रार्थना करेन. तुम्ही नाही केली तरी चालेल."

दुरुस्तीची गाडी त्यानंतर बऱ्याच वेळाने आली. प्रार्थनेचा परिणाम म्हणाल तर तेवढाच.

त्या संध्याकाळी मावशी धुमसत होती. भांडी घासताना मोठ्या सिस्टरांची नक्कल करत होती, वाईट करत होती, 'नाही का' भलत्याच ठिकाणी टाकत होती. "एकदा बसून बघा म्हणे. मला काय बघायचंय? बुधवारी माझी सुट्टी आहे. जाऊन येते अर्धीबरोबर. मग सांगते सगळ्यांना."

मी म्हटलं, "तू जाशील, पण त्या बिचाऱ्या ड्रायव्हरचं काय? तू त्याला मागून शिकवत बसशील. 'अरे गिअर, अरे आता काढ, अरे हा काय वळण घेतोय.' पहिल्या पुलापर्यंत तुझं तोंड बंद राहणार नाही."

"मी एक शब्द बोलणार नाही."

"मावशी, तू रिक्षात बसलीस तरी रिक्षावाल्याला आरसा बसवून देतेस."

"एक शब्द नाही. ड्रायव्हरला नाही, कंडक्टरला नाही, कोणालाच नाही. शाळेच्या स्टॉपवर उतरेपर्यंत. लाव पैज."

पैज लागली. मावशी बोलली तर तिने मला एका रविवारी डेपोत नेऊन उभ्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं आणि मनसोक्त हॉर्न वाजवू द्यायचा. नाही बोलली तर मी एक महिना घरात कोणाचीही नक्कल करायची नाही. आईने साक्षीदार म्हणून मान डोलावली. मी मनात हॉर्न ऐकत झोपले.

बुधवारी मावशी साध्या कपड्यांत आमच्याबरोबर स्टॉपवर उभी राहिली. हातात पिशवी, पायात सपाता. युनिफॉर्मशिवाय ती कोणाचीही मावशी वाटत होती. पहिली एकोणतीस आली. मावशीने ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तसा दोन बोटांनी हात वर केला. चाकावरच्या माणसाने तिच्या आरपार बघितलं आणि गाडी तशीच पुढे नेली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती बोलणार होती. ओठ उघडले होते. तिने ते मिटले.

दुसरी पुढे जाऊन थांबली. आम्ही पळालो. अर्धी सगळ्यात आधी पळते, बस कुठे थांबणार ते तिला आता कळतं. पायरीवर तिने आईचा हात सोडून आधी दांडी पकडली, कारण दांडी सुटली की संपलं. मग माणसांच्या मधून वाकून आत गेली आणि मधल्या खांबाशी पोचली. तिने खांबाभोवती कोपर अडकवलं, कपाळ खांबाला टेकवलं आणि झोपली. उभ्याने, तोंड उघडं टाकून. गाडीने वळण घेतलं की झोपेतच तिचा एक पाय सरकायचा आणि परत जागेवर यायचा. हे तिला आता इतकं जमतं, की बघणाऱ्याला वाटावं तिला शिकवलंय.

ड्रायव्हरने पुलाच्या तोंडाशी करकचून ब्रेक मारला. मावशीचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला, मी पाहिला. म्हटलं, आता. नाही बोलली. सिग्नलला त्याने विनाकारण गाडी रेटली. नाही बोलली. एक गृहस्थ अर्धीच्या डोक्यावरून म्हणाले, "ए मुली, दप्तर पाठीवरून काढ ना, लोकांना लागतं," आणि अर्धीने डोळे न उघडता एका खांद्यावरून पट्टा काढून दप्तर पुढे घेतलं. मला वाटलं, या गृहस्थांचं आता काही खरं नाही. मावशीने फक्त दप्तर अर्धीच्या हातातून घेतलं आणि आपल्या खांद्याला लावलं.

ड्रायव्हरमागच्या सीटवर एक माणूस मांडीवर पुठ्ठ्याचा खोका घेऊन घोरत होता.

बाजारापाशी गाडी अडकली तेव्हा मावशीने पुढच्या आरशाकडे बघितलं. ती तिथे बराच वेळ बघत होती. मग तिने गुडघे वाकवले, हळूहळू, अर्धीच्या डोक्याच्या उंचीला येईपर्यंत, आणि तिथून परत आरशाकडे बघितलं. मीही वाकून बघितलं. तिथून आरसा दिसतच नव्हता. पाठी दिसत होत्या, पिशव्या, एक छत्री. मला आरशात सगळी गाडी दिसते, असं ती आजवर म्हणत आली होती. ती परत उभी राहिली आणि त्यानंतर खिडकीबाहेरच बघत राहिली.

शाळेच्या स्टॉपवर उतरलो तेव्हा फाटक अर्धं लागलं होतं. अर्धी सवयीने बाजूच्या छोट्या दाराकडे वळली. मागे वळून आईकडे बघितलं, बोटाने हवेत एक पाटी काढली आणि ओठांनीच म्हणाली, 'बाय'. मग आत गेली.

मी म्हटलं, "मावशी, जिंकलीस. आता बोल."

 माझा स्टॉप पुढे होता, मी परत बसची वाट बघायला उभी राहिले, ती माझ्याशेजारी उभी राहिली. एक बस न थांबता गेली.

मग तिने विचारलं, "रोज?"

मी म्हटलं, "मंगळवारी जरा बरं असतं."

"सांगितलं का नाहीस?"

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. तिलाही आठवलं असावं, कारण तिने हात झटकला. "हो, हो. सांगितलंस. नाचून सांगितलंस." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सिस्टरांनी शनिवारपर्यंतच म्हटलं होतं ना? आज बुधवार. घरी जाऊन फोन लावते." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "दोन वेण्या घट्ट म्हणजे किती घट्ट असतात ग?"

अर्धी आता सिस्टरांच्या शाळेत जाते. चालत. वेण्या आई घालते, आणि अर्धी रोज ओरडते. पहिल्या तासाला झोपत नाही. तिच्या वर्गाच्या सिस्टरांनी घरी निरोप पाठवला की मुलगी फार बोलते, आणि तो निरोप मावशीने सगळ्या इमारतीला वाचून दाखवला, लाँड्रीवाल्यांना दोनदा. पण पहाटे मावशी निघते तेव्हा अर्धी गाढ झोपलेली असते. मावशी दारात उभी राहून तिला बघते, उशीर करते, आणि डेपोत बोलणी खाते. शाळा दोन गल्ल्यांवर आणि मुलगी दिसत नाही, म्हणून ती रोज कोणावर तरी डाफरते. बहुतेक वेळा काकावर, फोनवर. तो म्हणतो, "तू म्हणशील तसं," आणि ती फोन आपटते.

पैजेचा महिना संपायला थोडे दिवस राहिले होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मावशी वर आमच्याकडे आली, पिशवी खुर्चीवर टाकली आणि आईला म्हणाली, "नवा ड्युटी चार्ट लागला."

"मग?"

"एकोणतीस दिला मला. अर्ज मंजूर झाला म्हणे." तिने भांड्यात पाणी ओतलं, प्यायली नाही. "मॅनेजर हसून हसून सांगत होता. म्हणे मॅडम, तुमच्या मनासारखं झालं."

 आईने माझ्याकडे बघितलं. डेपो मॅनेजर मी फार सुरेख करते. नाकात बोलतो तो, आणि चांगली बातमी देताना कान खाजवतो. एरवी मी तो केला की मावशी लोळायची. तिला त्या क्षणी हसवायला दुसरं काहीच नव्हतं आमच्याकडे. मी कानापर्यंत हात नेला.

मावशीने भांडं खाली ठेवलं.

"महिना झाला नाही अजून," ती म्हणाली.

मी हात खाली घेतला.